तपकिरी बटणाची चाल

आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर कोणी जेवत नाही. तिथे डोंगर असतो. आम्ही ताटं मांडीवर घेतो, पाहुण्यांनाही मांडीवरच देतो, आणि कोणी नाक मुरडलं तर मी सरळ सांगते, बाबांनो, त्या सुळक्याला विचारा, तो सरकला तर खुशाल बसा. एकदा माझ्या हातून हिमनदीवर चहा सांडला. सूनबाईनं चेहरा असा केला की खालचं अख्खं गाव वाहून गेलं असावं. मी म्हटलं, "अगं, पुठ्ठाच आहे ना?" तर म्हणते, "आई, पुठ्ठा फुगला की उतार बदलतो." झालं! तो सगळा भाग मला पुन्हा कापून द्यावा लागला.

हो, कापते मी. जन्मभर शिवणकाम केलंय. पूर्वी खाली रस्त्याला लागून माझं दुकान होतं. आता डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत, म्हणून मशीन वर घरात आणलं आणि डोंगरावर जाणाऱ्यांची जाकिटं, विजारी, पाठपिशव्यांचे पट्टे तेवढे दुरुस्त करून देते. सूनबाईचं काम वेगळं. ती मार्ग आखते. आमच्या गावाच्या डोक्यावर बर्फाच्या डोंगरांची जी रांग उभी आहे ना, तिथल्या अवघड शिखरांवर जाणारी माणसं आधी तिच्याकडे येतात. कुठून चढायचं, छावणी कुठे टाकायची, कुठल्या घळीत किती वाजता असायचं आणि किती वाजता अजिबात नसायचं, हे ती ठरवून देते. चौकातल्या चपलांच्या दुकानावर तिचं ऑफिस आहे. ऑफिस कसलं, कपाट म्हणा. भिंतीभर नकाशे आणि फोटो, मधे एक खुर्ची, आणि दुसरं माणूस आलं तर पहिल्यानं उभं राहायचं. म्हणून खरं काम आमच्या टेबलावर चालतं. पुठ्ठा त्या चपलांच्या दुकानातूनच येतो. आमच्या डोंगरांना आतून नव्या चामड्याचा वास असतो.

नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या बारीक रेषा असतात. ती एकेक रेष पुठ्ठ्यावर उतरवते, मी कापते, मग थरावर थर चिकटवत गेलं की डोंगर उभा राहतो. ती लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं होतं, आली बाई पुस्तकातून उठून! नवऱ्याला अरेतुरे करते हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा घास घशातच अडकला होता. चहात साखर घालायला ती आजही विसरते. पण तिनं आखलेल्या वाटेनं गेलेली सगळी माणसं घरी आली आहेत. तेव्हा साखरेबद्दल मी काही बोलत नाही. म्हणजे, फार बोलत नाही.

तिची एक रीत आहे. कोणी कितीही घाईत येवो, ती आधी उतरायची वाट काढते. निळी पेन्सिल शिखरावर टेकवते आणि तिथून खाली, गावापर्यंत. नवी पोरं चुळबुळ करतात, "अहो, पण आधी चढायचंय ना?" ती मान वर न करता म्हणते, "चढायला तुमच्या अंगात रग आहे. ती संपल्यावर काय आहे ते आधी बघू." मला हे तिचं फार आवडतं. तिला सांगितलेलं नाही अजून, उगाच डोक्यावर बसायची.

एके काळी तीही चढायची. माझा मुलगा आणि ती एकाच दोराला बांधलेले असायचे, तो पुढे, ती मागे. त्यातूनच लग्न जमलं. मग एका तापात तिचा डावा कान गेला, आणि कानाबरोबर तोल गेला. सपाट रस्त्यावर काही कळत नाही, पण अरुंद जागी पाऊल टाकलं की तिला जमीन एका बाजूला कलंडल्यासारखी वाटते. स्टुलावर चढून माळ्यावरचा डबासुद्धा काढता येत नाही. त्या वर्षी ती एकदाच रडली, माझ्या मशीनशेजारी बसून, आणि मी वेड्यासारखी मशीन चालवत राहिले, कारण थांबले असते तर मीही रडले असते. दुसऱ्या आठवड्यात तिनं नकाशा पसरला. तेव्हापासून तिच्याशी बोलायचं असेल तर उजवीकडे बसावं लागतं. मला तिच्याबद्दल कुरकुर करायची असली की मी डावीकडे बसते.

आता चालीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. माणूस किती वेगानं चढतं त्याला ती चाल म्हणते. आमच्या गल्लीच्या टोकाला पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या पायऱ्या आहेत, उभ्या आणि चिक्कार. जो कोणी तिच्याकडे मार्ग मागायला येईल त्याला भरलेली पिशवी पाठीवर घेऊन त्या पायऱ्या चढाव्या लागतात, तेही बोलत बोलत. बोलणं तुटलं की ती म्हणते, ही तुमची चाल नाही, ही तुमची फुशारकी आहे, खाली या. मग पुन्हा. मोठमोठ्या मिशांची माणसं तिथे घामाघूम होऊन आपल्या बायकापोरांच्या गोष्टी सांगत चढताना मी गच्चीतून पाहिली आहेत. चमूत जो सगळ्यात सावकाश, त्याच्या चालीवर अख्खा मार्ग बसवायचा. या नियमाला सूट नाही.

सूट एकालाच होती. आमच्या चिरंजीवांना. "त्याची चाल मला पाठ आहे," ती म्हणायची. का नसणार? दोराच्या दुसऱ्या टोकाला किती डोंगर चालली होती ती.

तर झालं असं, की माझ्या मुलानं पूर्वेच्या कड्यानं शिखर गाठायचं मनावर घेतलं. मनावर घेतलं म्हणजे काय, लहानपणी खिडकीत बसून तो कडा बघत दूध प्यायचा, तेव्हापासूनचं ते खूळ. आमच्या गावातलं कोणी त्या बाजूनं वर गेलेलं नव्हतं. बरोबर दोघं. एक मास्तरीणबाई, शाळेत खेळ शिकवतात, बोलणं कमी आणि दंड माझ्या मांडीएवढे. दुसरा बोका. तो बसच्या गॅरेजात काम करतो, कुठूनही पडला तरी पायांवर उभा राहतो म्हणून सगळे त्याला बोका म्हणतात. पुढारी आमचा चिरंजीव.

त्या कड्याची गोम अशी की मधे एक लांबलचक घळ आहे, उभी, नाल्यासारखी. रात्रभर थंडीनं तिथले दगड बर्फात घट्ट बसलेले असतात. सकाळचं ऊन तिथे फार लवकर पोचतं. ऊन पडलं की बर्फ सुटतो, आणि मग वरून दगड यायला लागतात. म्हणजे उजाडण्याआधी घळीत शिरायचं आणि ऊन पोचायच्या आत वरच्या डोंगरधारेवर निघायचं. उशीर झाला तर आडोशाला जागा नाही.

हे सगळं आम्ही टेबलावर करून बघतो. दुपारी पडदे ओढायचे, खोली अंधारी करायची. एका काठीवर सूनबाईनं तासांच्या खुणा केल्या आहेत. मी टेबलाच्या पूर्वेला उभी राहायचं आणि हातातला दिवा खुणेखुणेनं वर न्यायचा. या घरात सूर्य माझ्याकडे असतो. गंमत नाही, हात भरून येतो, आणि शिंक आली तर सूर्योदय बिघडतो. माणसांच्या जागी माझ्या डब्यातली बटणं. मास्तरीणबाईंचं पांढरं, बोक्याचं काळं, आणि माझ्या मुलाचं तपकिरी. ते ह्यांच्या जुन्या कोटाचं बटण आहे. कोट विरला, हेही गेले, बटण राहिलं. मी एक खूण वर गेले की सूनबाई प्रत्येकाच्या चालीप्रमाणे बटणं पुढे सरकवते आणि बघते, उजेड कुठवर आला, माणसं कुठवर आली.

निघायच्या काही आठवडे आधी माझा मुलगा चढाईची विजार घेऊन आला. तिची चेन अडकत होती. चेन बदलली आणि म्हटलं, घालून दाखव, बसते का बघू. त्यानं घातली. मी टाचणी तोंडात धरून खाली बसले होते, ती लावायचीच राहिली. विजार डावीकडे लोंबत होती. उजवी मांडी कापडात भरलेली, डावी नुसती लटकलेली. मी टेप लावला. चांगला दोन बोटांचा फरक. शिवणाऱ्या बाईला माणसाचं अंग सांगावं लागत नाही. जो पाय वापरत नाहीत तो वाळतो.

"हे काय रे?"

"काही नाही. गेल्या मोसमात उतरताना गुडघा मुरगळला होता. होतोय बरा."

"बरा होतोय तर मांडी कुठे गेली?"

मग मला उमगलं की जिन्याच्या मधल्या वळणावर रोज त्याची पावलं का थांबतात. मला वाटायचं, फोन बघत असेल मेला. माझी खोली जिन्याला लागून, मला सगळं ऐकू येतं. सूनबाईची बसायची जागा अशी की डावा कान दाराकडे. तिला काय कळणार?

"तिला सांगितलंस?"

"आई, तू मधे पडू नकोस. आणि ही विजार आत घेऊ नकोस डावीकडून. दोन्ही बाजू सारख्या दिसू देत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सारख्या दिसू देत? मी काय दुकानातला पुतळा सजवतेय? तिनं तुझी चाल जुनीच धरली आहे. त्या घळीत दगड तुझी लाज राखायला थांबणार आहेत का?" तो म्हणाला, "सांगतो मी तिला." मी म्हटलं, "टेबलावरच्या रंगीत तालमीच्या आत सांग. नाहीतर माझं तोंड आहेच, तुला माहीत आहे." तो मान डोलावून गेला. लहानपणीही असाच मान डोलवायचा, आणि मग खिशात गोट्या सापडायच्या.

पुढचे दिवस मी मिठाची गुळणी धरून काढले. जेवताना त्याच्याकडे बघायचे, तो ताटाकडे बघायचा. ती आपली आनंदात. असा सुंदर मार्ग बसलाय म्हणायची, ऊन घळीत शिरतं तेव्हा हे तिघं धारेवर बसून बिस्किटं खात असतील. मला तिची कीव यायची आणि तिच्या गालावर हात फिरवावासा वाटायचा.

तालमीच्या दिवशी मास्तरीणबाई आणि बोका जेवून आले. पडदे ओढले. सगळे टेबलाभोवती. मी सूर्य घेऊन उभी. मुलाकडे पाहिलं, त्यानं नजर चुकवली. म्हणजे सांगितलं नव्हतं.

"चला आई," सूनबाई म्हणाली.

मी पहिल्या खुणेवर गेले. बटणं छावणीतून निघाली. दुसरी खूण. बटणं घळीच्या तोंडाशी. ती बारीक आवाजात सांगत होती, इथे दोर बांधायचा, इथे बोलायचं नाही, इथे पाणी प्यायचं. पुढची खूण, आणि मग पुढची. दिव्याचा उजेड धारेवर पडला, धारेवरून उतरला आणि घळीत शिरला. तिन्ही बटणं घळीतून केव्हाच बाहेर पडून वर बसली होती. बोका म्हणाला, "वा!" सूनबाई हसली.

मला राहवलं नाही. दिवा डाव्या हातात तसाच धरला, उजवा हात लांब केला आणि तपकिरी बटण धारेवरून खाली ओढलं. घळीच्या मधोमध आणून ठेवलं. उजेड नेमका त्याच्यावर पडला होता.

"आई? काय करताय?"

"तो जिथे असणार आहे तिथे ठेवतेय गं त्याला," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण मलाच ओळखू आला नाही. "तुझं बटण पळतंय. माझ्या पोराचा पाय तसा पळत नाही आता."

मास्तरीणबाईंनी हळूच पांढरं बटण खाली आणून तपकिरी बटणाशेजारी ठेवलं. बोक्यानं काळं ठेवलं. एका दोराला बांधलेली माणसं, एकाला सोडून दुसरी वर कशी बसतील? सूनबाई त्या तीन बटणांकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे वळून, उजवा कान त्याच्या बाजूला करून तिनं विचारलं, "कधीपासून?"

बोका आणि मास्तरीणबाई चहा न घेता गेले. मला वाटलं आता भांडण होईल, भांडी आपटतील, निदान माझ्यावर तरी कोणी ओरडेल. तसं काही झालं नाही. तो खुर्चीत बसून म्हणाला, "तुझ्या कागदावर मी अजून तसाच होतो गं. पहिल्यासारखा. मला तिथेच राहायचं होतं."

ती म्हणाली, "मी अख्ख्या गावाला पायऱ्या चढायला लावल्या. तुला नाही लावल्या. तुझी चाल मला पाठ आहे, पाठ आहे म्हणून मिरवलं. कधीची पाठ होती ती?" आणि मग ती रडली. दुसऱ्यांदा. या वेळी मशीन नव्हतं सुरू, त्यामुळे मीही रडून घेतलं. दिवा हातात तसाच होता, तो कोणी विझवलाही नाही.

दुसऱ्या सकाळी तिनं माळ्यावरून जुना दोर काढायला मला स्टूल धरायला लावलं. मी म्हटलं, "अगं, चढू नकोस, मी काढते." म्हणाली, "तुम्ही नुसतं धरा." चढली, एका हातानं माझा खांदा धरला, दोर काढला. मग नवऱ्यापुढे टाकून म्हणाली, "बांध. पायऱ्यांवर नाही मोजायची मला तुझी चाल. पूर्वी जशी मोजली तशीच मोजणार."

टाकीच्या मागे बर्फाचा साधा उतार आहे, पोरं घसरगुंडी करतात तिथे. धोका काही नाही, पण ती इतक्या वर्षांत बर्फावर गेली नव्हती. मी गच्चीत तिची दुर्बीण लावून बसले, जीव टांगणीला लागलेला. तो पुढे, ती मागे, मधे दोर. ती दोन पावलं टाकायची आणि डगमगायची, की तो थांबायचा. तो थांबला की ती उभी राहायची. मग कळेना की कोण कुणासाठी थांबतंय. एकदा तो गुडघा धरून खाली वाकला आणि ती तशीच, दोर सैल न सोडता, त्याच्याकडे चालत गेली, दोन्ही हात पसरून, लहान मूल चालतं तशी. मी दुर्बीण खाली ठेवली. सगळंच बघायचं नसतं माणसानं.

घरी आल्यावर बुटांसकट टेबलाशी गेली. म्हणाली, "आई, तुम्ही बटण बरोबर जागी ठेवलं होतंत. उलट अजून थोडं खाली." त्या चालीनं ऊन पडायच्या आत घळ पार होत नव्हती. मार्ग इकडून वळवला, तिकडून वळवला, एक छावणी वाढवून पाहिली. कडा काही हटायला तयार नाही.

"मग मी काय, आईशेजारी बसून दुर्बीण लावू?" तो कडवटपणे म्हणाला.

"माझ्याशेजारी बसायला काय झालं? खोकते का मी?" मी म्हटलं. हसलं कोणीच नाही.

तेव्हा तिनं निळी रेघ दाखवली, उतरायची. शिखराच्या दुसऱ्या अंगाला एक खिंड आहे. चढणारे दुपारी तिथे येतात तेव्हा दमून अर्धमेले झालेले असतात, त्याच वेळी खालून धुकं चढतं, आणि खिंडीतून दोन उतार फुटतात, दिसायला अगदी जुळे. एक गावाकडे येतो. दुसरा थेट बर्फातल्या भेगांवर जातो. "प्रत्येक आखणीत मी लिहिते, खिंडीत एक जाणतं माणूस बसवा," ती म्हणाली. "आजवर कोणी बसलेलं नाही. ज्याला खिंडीपर्यंत येता येतं त्याला शिखरच हवं असतं. गावाकडून खिंडीत जाणारी वाट सोपी आहे, आदल्या दिवसापासून सावकाश गेलास तरी चालेल. तुझ्या आजच्या चालीला जमेल. तू बसशील?"

तो उठला आणि दार आपटून गेला. जिन्यात मधल्या वळणावर थांबला नाही, तसाच दणदण उतरला. किती दुखलं असेल, मला माहीत.

मग घरात अबोला. तो सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, मुकाट जेवायचा. ती तपकिरी बटण ना घळीत ठेवी ना खिंडीत, डोंगराच्या पायथ्याशी टेबलाच्या कडेला ठेवलेलं होतं. पुसताना मी ते उचलायचे आणि परत तिथेच ठेवायचे. मला वाटलं, माझ्या तोंडानं पोराचं आयुष्यभराचं स्वप्न मोडलं. मग वाटायचं, मोडू दे, पोरगं तर धड राहील. असं माझं चाललं होतं.

एका दुपारी मशीनवर बसले होते तर तो मागे येऊन उभा राहिला. विजार माझ्या मांडीवर टाकली.

"आई, डावीकडून आत घे."

मी वर पाहिलं नाही, नाहीतर सुईखाली बोट गेलं असतं. "किती घेऊ?"

"जेवढी आहे तेवढी. लोंबायला नको. खिंडीत वारा फार असतो."

सूनबाई टेबलाशी होती, डावा कान आमच्याकडे. ऐकू गेलं नसणार. मी तोंड वाकडं करून, हातवारे करून तिला खुणावलं. ती आली, विजार बघितली, डाव्या बाजूच्या टाचण्या बघितल्या, आणि टेबलाकडे जाऊन तपकिरी बटण खिंडीत ठेवून आली.

मास्तरीणबाई आणि बोका दोघंच कड्यावर चढले तो दिवस मी चपलांच्या दुकानावरच्या त्या कपाटात काढला. वायरलेस संचाशी ती, मागे मी उभी, कारण खुर्ची एकच. माझ्या मुलानं आदल्या दिवशीच खिंड गाठली होती. ठरलं होतं असं, की थोड्या थोड्या वेळानं तो तिथून एकच शब्द बोलणार. खरखर व्हायची, मग त्याचा आवाज यायचा, "थांबलोय." ती म्हणायची, "ऐकलं." बस, एवढंच. मास्तरीणबाई आणि बोका ऊन पडायच्या आत घळीतून बाहेर पडले, तेव्हा ती खुर्चीत मागे रेलली. शिखर गाठल्याचं त्यांनी कळवलं तेव्हाही ती फारशी हलली नाही, उतरायचं बाकी होतं. मी मात्र खालच्या चपलावाल्याला ओरडून सांगितलं, आणि त्यानं एका गिऱ्हाइकाचा हातातला पाय तसाच सोडून टाळ्या वाजवल्या.

मग खिडकीतून धुकं चढताना दिसलं. शिखर गेलं, धार गेली, खिंड गेली. सगळं पांढरं. संचावर त्याचा आवाज, "थांबलोय." ती, "ऐकलं." पुन्हा, "थांबलोय." पुन्हा, "ऐकलं." तिनं माझा हात कधी धरला कोण जाणे, बोटं दुखायला लागली तेव्हा मला समजलं. मग बराच वेळ नुसती खरखर. आणि मग तो, धापा टाकत, हसत की रडत काही कळेना: "आले. दोघंही आले. दुसऱ्या उताराला लागले होते गं, मी शिट्टी मारून मारून वळवलं. आता गरम पाणी पितायत. मी आणतो त्यांना खाली, सावकाश."

"सावकाशच आण," ती म्हणाली. तिनं संच खाली ठेवला आणि डोकं माझ्या पोटावर टेकवलं. मी तिच्या डाव्या कानावरून हात फिरवत राहिले, आणि त्या कानाला सांगून टाकलं की तू मला फार आवडतेस. ऐकू गेलं नाही तिला. नाही तर नाही.

गावानं मास्तरीणबाईंना आणि बोक्याला खांद्यावर घेतलं. माझ्या मुलाला कोणी खांद्यावर घेतलं नाही, आणि तो गर्दीतून वाट काढत आमच्याकडे आला, डाव्या पायावर जरा झुकत, कुणापासून न लपवता.

आता टेबलावर दुसरा डोंगर चढलाय, आम्ही अजून मांडीवरच जेवतो. पुढचे चमू मार्ग मागायला आले की आधी विचारतात, खिंडीत तुमचा मुलगा बसणार ना? तो भाव खातो, मग हो म्हणतो. पूर्वेच्या कड्याकडे तो अजूनही बघतो खिडकीतून. बघू दे. काही गोष्टी बघण्यापुरत्या राहतात, आणि त्याचं वाईट वाटतं, नाही असं नाही.

पण संध्याकाळी तो कामावरून येतो तेव्हा मी मुद्दाम मशीन बंद करते. जिन्यावर पावलं वाजतात. मधल्या वळणावर थांबतात. पूर्वी तिथे तो श्वाससुद्धा चोरून घ्यायचा. आता अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात खालून ओरडतो, "थांबलोय गं!"

आणि आतून ती, हातातली पेन्सिल न ठेवता, तेवढ्याच मोठ्यानं म्हणते, "ऐकलं!"